साडेदहाला मी रीचमध्ये असते!

थांबा! हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका! घरात सांगून झालंय, खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून झालंय, परवा सकाळच्या डहाणू लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगायला लागले, पण पालघर ते बोईसरमध्ये स्टेशन एकच, उमरोळी, तेवढ्यात काय होणार! बोईसर आलं तरी माझं संपेना, आणि त्या वाणगावच्या असूनही माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मग त्या मुलीचं काय झालं?" बघा! लागलं की नाही त्यांनाही!

तर मुलीचं सांगते. पण ओळीने सांगते, नाहीतर माझा गोंधळ होतो.

मी राहते पालघरला. नोकरी तारापूर एमआयडीसीत, एका कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये. वय सत्तेचाळीस. गेमिंगमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगते! कुणी जाणकार हे वाचत असेल आणि माझं कुठे चुकलं तर रागावू नका, मला जे दिसलं ते मी सांगतेय, आणि मला चारच महिने झालेत. चार महिने! संक्रांतीला भाचा आला होता. त्याने नवीन लॅपटॉप घेतला म्हणून जुना मला दिला, आणि जुन्यात एक गेम तसाच राहिला होता. 'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'. २०१४ च्या एप्रिलमध्ये आलेला, जगभरातली माणसं एकाच वेळी एकाच नकाशावर फिरतात असा. मी म्हटलं, काढून टाक बाबा हे. तो म्हणाला, "मावशी, एकदा बघ तरी. तू कोण होणार?"

तू कोण होणार! अहो, हा प्रश्न मला किती वर्षांनी कुणी विचारला!

समोर दहा जमातींची यादी आली. दहा! उंच गर्विष्ठ एल्फ, थंडीतले दणकट नॉर्ड, मांजराच्या तोंडाचे खजीत, सरड्यासारखे आर्गोनियन. मला वाटलं, वेशभूषा स्पर्धा आहे, कपडे निवडायचे आणि तलवार घेऊन पळत सुटायचं. भाच्याने मग त्याच मालिकेतला जुना गेम लावला, २०११ चा 'स्कायरिम', आणि म्हणाला, हे बघ. एका शहराची वेस. वेशीबाहेर तंबू. तंबूत खजीत व्यापारी. मी विचारलं, हे आत का जात नाहीत? तर म्हणाला, त्यांना आत घेत नाहीत! चोर समजतात! माल त्यांचा चालतो, माणसं चालत नाहीत! आणि मग तो मला विंडहेल्म नावाच्या शहरात घेऊन गेला, तिथे आर्गोनियन लोक बंदरावर हमाली करतात आणि तटाच्या बाहेर, धक्क्यालगत एका खोलीत राहतात, कारण शहराच्या आत राहायची त्यांना बंदी आहे, आणि बर्फ पडतंय, आणि ही सरड्याची माणसं, उष्ण दलदलीतली, त्या बर्फात ओझी वाहतायत!

कुणीतरी बसून हे सगळं रचलंय! हे कोण कुठे झोपतं, कुणाला कुठल्या दारातून आत घेतात, हे कुणीतरी विचार करून त्या खेळात घातलंय! मला रात्रभर झोप नाही.

आणि खरी गंमत तर अजून पुढेच आहे! दुसऱ्या दिवशी मी ऑनलाइनवाल्या गेममध्ये एका सराईत शिरले, आणि तिथे पाच-सहा जण नुसते बसले होते. मारामारी नाही, पळापळ नाही. बसलेत आणि चॅटमध्ये सावकाश बोलतायत. आपापल्या पात्राच्या तोंडून! एक खजीत होता, तो स्वतःला "मी" म्हणेचना. त्याचं सगळं तिसऱ्या माणसाबद्दल बोलल्यासारखं, ह्याला भूक लागलीय, ह्याला थंडी वाजतेय, असं. मी भाच्याला फोन लावला, अरे हा असा का बोलतो? तो म्हणाला, मावशी, खजीत पुष्कळदा तसेच बोलतात, तो रोलप्ले करतोय. म्हणजे सोंग! दोन तास तो एकदाही "मी" म्हणाला नाही! दोन तास! आपल्याला दोन मिनिटं जमेल का, करून बघा!

मग मला कळलं की असे लोक जगभर आहेत, ते पात्राचं बालपण लिहितात, आजी कुठल्या गावची ते ठरवतात, त्यांचे गट असतात, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जमतात, आणि त्यातल्या पुष्कळांना नेमकी तीच माणसं व्हायचं असतं ज्यांना गोष्टीत वेशीबाहेर ठेवलंय. राजा व्हायची सोय असताना हमाल व्हायचं! मला हे इतकं आवडलं की मी लॅबमध्ये टायट्रेशन करताना रीडिंग घ्यायचं विसरले आणि सगळं परत केलं.

आता रीच. श्वास घ्या, कारण मी घेणार नाहीये.

रीच हा डोंगराळ मुलूख आहे, जुनिपरची वाकडी झाडं, दगड, धबधबे, आणि त्यात मार्कार्थ नावाचं दगडात कोरलेलं शहर. तिथली मूळ माणसं म्हणजे रीचची माणसं. आणि यादीत ती नाहीतच! दहांमध्ये नाहीत! ज्याला रीचचं व्हायचंय तो ब्रेटन नावाची जमात निवडतो, कारण रक्ताने ती जवळची, आणि मग स्वतःच सगळ्यांना सांगतो की मी रीचची. फॉर्मवर रकानाच नाही आणि तरी माणसं आहेत! मी लगेच ठरवलं, मी हीच होणार!

आता यांची गोष्ट कशी बदलत गेली ते बघा. २०११ च्या स्कायरिममध्ये तुम्ही मार्कार्थच्या बाजारात पाय ठेवता आणि डोळ्यांसमोर खून होतो. सगळे म्हणतात, फॉर्सवॉर्न, म्हणजे रीचचे बंडखोर! रानटी! वेडे! हाडांची हत्यारं, डोक्याला शिंगं, दिसतील तिथे मारा. तुम्ही मारता. गेमच तो. पण त्याच गेममध्ये कपाटांत पुस्तकं ठेवलीत, खरोखर उघडून वाचायची पुस्तकं, आणि त्यातल्या एका पुस्तकात अरियानस एरियस नावाचा एक विद्वान लिहितो की अहो, ही त्यांचीच जमीन होती, मधली दोन वर्षं त्यांनी राज्यही केलं, आणि मग उल्फ्रिक नावाचा नॉर्ड सरदार फौज घेऊन आला आणि पुढे जे झालं ते ऐकवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गेममध्ये! रस्त्यावरचा पहारेकरी एक सांगतो, कपाटातलं पुस्तक दुसरं सांगतं, आणि खरं कुठलं हे गेम सांगतच नाही! तुम्ही ठरवा!

आणि मग ती मुलगी. मार्कार्थखाली चांदीची खाण आहे, सिडना माइन. सिल्व्हर-ब्लड नावाच्या श्रीमंत घराण्याची. तीच खाण, तोच तुरुंग, कैद्यांनीच चांदी खणायची. तिथे ब्रेग नावाचा एक म्हातारा कैदी भेटतो. त्याचा गुन्हा काय, तर रीचच्या बंडखोर राजाशी, मॅडनाकशी, तो एकदा बोलला होता. एकदाच! त्याला धरलं तेव्हा त्याची लहान मुलगी मध्ये पडली, बाबांना सोडा, मला न्या म्हणाली. आणि त्यांनी बापाच्या डोळ्यांदेखत तिला मारलं, आणि मग बापालाही खाणीत टाकलंच. ती आज असती तर तेवीस वर्षांची असती, हे तो तिथे बसून मोजतोय. मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. वाणगावच्या बाई, हे होतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी सुटली म्हणून राहून गेलं.

२०१४ मध्ये ऑनलाइन गेम आला, त्याची गोष्ट स्कायरिमच्या कितीतरी शतकं आधीची, आणि त्यातही रीचवाले सुरुवातीला आपले शत्रूच, शहरांना वेढे घालणारे. पण २०२० च्या नोव्हेंबरमध्ये 'मार्कार्थ' नावाचा नवा भाग आला आणि पारडंच फिरलं! मार्कार्थवर रीचचाच राजा, आर्ड कॅडाक! तुमच्याबरोबर चालणारी, चिडणारी, हसणारी आराना, रीचची चेटकीण! त्यांचे देव काय म्हणतात, मुलांना काय शिकवतात, लॉर्ख नावाच्या आत्म्याने हे खडतर जग मुद्दाम मागून घेतलं कारण त्रासातून माणूस शिकतो असं ते का मानतात, सगळं त्यांच्या बाजूने! नऊ वर्षांनी त्यांना त्यांच्या घरात बघितलं! हा भाग मला वेगळा विकत घ्यावा लागला. मी घेतला. पाडव्याची साडी राहू दे म्हटलं!

या सगळ्या रचलेल्या इतिहासाला हे लोक 'लोर' म्हणतात. म्हणजे त्या जगाचं पुराण. आणि कंपनी मागाहून ते बदलते, त्याला 'रेटकॉन'. आता विचार करा, तुम्ही तीन वर्षं एक पात्र जगताय, त्याची आजी अमुक जंगलात जन्मली, आणि एके दिवशी कंपनी म्हणते तिथे जंगल कधी नव्हतंच! हसू नका, असं झालंय! सिरोडिल नावाचा प्रदेश १९९८ मधल्या एका पुस्तिकेत घनदाट जंगल होता, आणि २००६ मध्ये याच मालिकेतला 'ऑब्लिव्हियन' गेम आला तेव्हा तिथे साधी हिरवी कुरणं आणि झाडी! मग एका ठिकाणी म्हटलं की एका देवाने हवामान बदललं, आणि नंतर ऑनलाइन गेममधल्या एका पुस्तकाने म्हटलं की नक्कल करणाऱ्याची चूक, मुळात जंगल नव्हतंच! नक्कल करणाऱ्याची चूक! आपल्या सातबाऱ्यावर होते तशी! मला इतका आनंद झाला ना!

आणि दुसऱ्या एका गेममध्ये, 'वॉरक्राफ्ट'मध्ये, तर कमालच. तिथे ड्रेनाय नावाची माणसं २००३ मध्ये वाकलेली, मोडलेली, दडून राहणारी होती. २००७ च्या जानेवारीत ती अचानक उंच, निळी, खुरांची, आकाशातून आलेली झाली! आधीच्या वाकलेल्यांना म्हटलं, हे त्यांच्यातलेच, पण बिघडलेले. मूळ कथेशी हे जुळत नव्हतं आणि त्या जगाचे एक मुख्य कथाकार ख्रिस मेट्झन यांनी चूक आपली आहे असं उघड मान्य केलं. केवढं मन लागतं त्याला! पण ज्यांनी ते वाकलेले ड्रेनाय मनापासून उभे केले होते, त्यांचं काय?

हे मी आमच्या गटातल्या एकीला विचारलं. आमचा गट म्हणजे युरोपच्या सर्व्हरवरचे नऊ जण, मी दहावी. ही पोलंडमधली, दवाखान्यात नर्स आहे, आणि माझ्या कितीतरी वर्षं आधीपासून रीचची. तिने इतकं साधं सांगितलं! पुस्तक बदललं तर पुस्तक बदललं, म्हणाली, आजीने जे सांगितलं ते माझ्या पात्राला तसंच आठवतं. आता तिचं पात्र म्हणतं पुस्तकवाले चुकलेत. म्हणजे कंपनीने केलेला बदलसुद्धा तिने गोष्टीच्या आत ओढून घेतला! आमच्याबद्दल बाहेरचे रोज नवीन काहीतरी लिहितात, हेच तिच्या पात्राचं दुखणं झालं! मी टाळ्या वाजवल्या. एकटी. रात्री पावणेबाराला.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातंय, पण ते सोडून पुढे जाता येणार नाही.

माझ्या पात्राचं कुळ मला जिवंत करायचं होतं. त्याला देव हवा होता. मी पालघर जिल्ह्यातली, वारली चित्रं बघत मोठी झालेली, मनात आलं आपल्या मातीतलं काहीतरी घालू. आणि मी हिरवा देवाचं नाव उचललं. माझ्या गटाला सांगितलं, आमच्या कुळाचा देव हिरवा. सगळ्यांना फार आवडलं. मी इतकी खूश होते की दुसऱ्या दिवशी आमच्या प्लांटमधल्या एका ऑपरेटरला सांगायला गेले. तो विक्रमगड तालुक्यातला, वारली. कँटीनमध्ये बसून त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "मॅडम, तो तिथे काय करतो?"

मी म्हटलं, माणसं कापायला सांगतो. कारण रीचचे आत्मे कडक असतात ना, म्हणून.

तो काही बोलला नाही. ताट उचलायला उठला, पुन्हा बसला, आणि म्हणाला, "आमच्या घरात आहे तो. मोरपिसांत. माझी आई रोज त्याच्यासमोर दिवा लावते."

मला घाम फुटला. मी इतके दिवस पहारेकरी खोटं सांगतो म्हणून उसळत होते आणि पुस्तक मीच लिहून ठेवलं होतं! खोट्या माणसांबद्दल एवढं वाचलं, आणि ज्याच्याबरोबर एकोणीस वर्षं एका गेटमधून आत जाते त्याच्या घरातल्या देवाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, चुकलं माझं. त्याच रात्री गटालाही सगळं जसं झालं तसं सांगितलं आणि नाव काढून टाकलं. पोलंडवाली म्हणाली, बरं केलंस. रीचचं सोंग घे, रीच कुणाच्या घरात नाही.

आणि मग दोन दिवसांनी तो ऑपरेटर स्वतः लॅबच्या दाराशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सोंगंच बघायची आहेत ना? मोखाड्याला बोहाडा आहे. या."

बोहाडा! अहो, मी जन्मभर इथे राहिले आणि बोहाडा बघितला नव्हता! तुम्ही बघितलाय? नाही ना? मग चला माझ्याबरोबर! बोईसरहून मनोर, मनोरहून विक्रमगड, मग जव्हार, मग मोखाडा, रस्ता चढत जातो, मोहाची झाडं लागतात, आणि गावात पोचेपर्यंत अंधार. होळी झाली की पावसाळ्याच्या आधी जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात गावोगाव हे चालतं. रात्रभर. मुखवटे! कागदाच्या लगद्याचे, लाकडाचे, रंगवलेले, माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी मोठे! संबळ वाजतो, टेंभे पेटतात, आणि त्या उजेडात अंधाऱ्या टोकाकडून एक एक सोंग नाचत येतं. आधी गणपती. मग सरस्वती. मग पुढे राम येतो, रावण येतो, आणि रावणाची तोंडं सावरत तो माणूस दोन पावलं पुढे, एक मागे, दोन पुढे, एक मागे, आणि मुखवटा जड म्हणून मान डोलते की नाचामुळे डोलते ते कळतच नाही! देवीचं सोंगही पुरुषच घेतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, सगळी गर्दी एका गल्लीत, पोरं खांद्यावर, आजीबाई पुढे बसलेल्या.

मी विचारत सुटले. हे कोण? हे का? याला कुणी नेमलं? तर पुष्कळ सोंगांचा मान ठरलेल्या घरांकडे असतो. आजाने घेतलं, बापाने घेतलं, आता हा घेतो. मुखवट्याची आधी पूजा होते. एकदा तो चढला की आत कोण आहे ते कुणी बघत नाही, सगळे हात जोडतात. दिवसा जो पोरगा कंपनीत पॅकिंगला असतो, रात्री त्याच्या पायावर म्हातारी माणसं डोकं ठेवतात! आणि मग सोंग संपलं, मुखवटा उतरला, आणि तोच पोरगा घामाघूम होऊन माझ्या शेजारी मातीत बसला, बाटलीभर पाणी घटाघटा प्यायला आणि भेळेचा कागद उघडला! मी त्याच्याकडे बघतच राहिले. पाच मिनिटांपूर्वी हा नरसिंह होता!

आणि पुराणं? अहो, इथेही तेच! रामायणातली सोंगं, महाभारतातली सोंगं आणि रानातले देव एकाच रात्री एकाच गल्लीतून जातात, आणि हे कुठल्या पोथीत आहे असं विचारायला कुणालाही सुचत नाही. पोथी बदलेल, मान बदलत नाही. मला पोलंडवालीची आजी आठवली आणि मी त्या गर्दीत एकटीच हसले.

पहाटे देवी निघाली. मी काही वर्णन करणार नाही. जा आणि बघा.

परतताना एसटीत तो ऑपरेटर म्हणाला की त्याचा आजा 'लाल बावट्या'च्या गोष्टी सांगायचा. मी विचारलं, म्हणजे? (बघा, विचारायला शिकले!) तर वारल्यांच्या लढ्याचा लाल झेंडा! आणि मग मी वाचनालयातून गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आणलं. १९७० चं पुस्तक, १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार. चार रात्री गेममध्ये गेलेच नाही. याच आपल्या पट्ट्यात, तलासरी-डहाणूकडे, माणसं वेठबिगारीत होती, लग्नापुरतं कर्ज काढलं म्हणून नवराबायको दोघं सावकाराचे लग्नगडी होऊन राबत होती, आणि १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि म्हणाले, आता फुकट राबणार नाही! १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पालघरच्या शाळेत! सावकारांच्या आणि सरकारच्या लेखी ते दंगेखोर होते. आणि ज्यांच्या दारात हे घडलं त्यांचा नातू माझ्याबरोबर कँटीनमध्ये जेवतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण एकदा माझं चुकलंय. वारली म्हणजे रीचची माणसं नव्हेत. रीच कुणीतरी अमेरिकेत बसून रचलंय. जेठ्या गांगड खरा होता. दोघांना एका पारड्यात घालायचं नाही. पण मला गेममुळे एक सवय लागली, कुणी रानटी म्हटलं की आधी बघायचं की हे लिहिलंय कुणी, आणि ती सवय घेऊन मी मोखाड्याच्या एसटीत बसले, म्हणून ते पुस्तक माझ्या हातात पडलं. नाहीतर अजून बारा वर्षं नमुनेच तपासले असते.

आणि तुम्हाला अजून एक! घराघरांतली वारली चित्रं आठवा. १९७० च्या दशकापर्यंत ती लग्नघरात, मातीच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बायका काढत. सवाशिणी काढत! मग चित्रकार भास्कर कुलकर्णींनी तिथे कागद नेला, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले, लग्नाशिवाय काढू लागले, जगभर पोचले, २०११ मध्ये पद्मश्री! २०११! माझा स्कायरिम आला तेच साल! आणि आता त्या चित्रांत आगगाडी येते, मोटरसायकल येते, आणि ती वारलीच राहतात, कारण काढणारा हात त्यांचा आहे. बदल कुणी केला, यावर सगळं आहे! आपल्या पुराणात आपण आगगाडी घातली तर ते पुराण वाढलं. बाहेरच्याने येऊन मोरपिसांतल्या देवाच्या हातात सुरा दिला तर ते... तर ते मी केलं होतं.

आता मी रोज एक वही ठेवते. पात्राच्या कुळाला नवा देव आहे, तो रीचच्याच पुस्तकांतून घेतला, सात रात्री वाचून. पात्र खाणीतल्या मजुराची बायको आहे. ती वाचू शकत नाही, म्हणून पुस्तकांत काय लिहिलंय ते तिला दुसरे सांगतात आणि तिला ते पटत नाही. नवीन भाग आला, लोर बदलला, तर मी तयार आहे! कंपनी काय वाटेल ते लिहू दे, ती म्हणेल, माझ्या सासूने असं सांगितलं नव्हतं! आणि खेळ संपला की मी लॅपटॉप मिटते, पाणी पिते आणि झोपते. मुखवटा उतरवल्यासारखी. सकाळी सातची गाडी असते.

ऑपरेटरने परवा विचारलं, मॅडम, मलाही दाखवा ना तो गेम. मी दाखवला. त्याने दहा जमाती नीट वाचल्या, सगळी यादी वर-खाली केली, आणि निवडलं काय? उंच एल्फ! सगळ्यांत गर्विष्ठ! म्हणाला, "आम्ही काय नेहमी रानातलेच व्हायचं का?" मी इतकी चकित झाले! बरोबरच आहे की! सोंग त्याचं, मान त्याचा! आता तो रोज मला मार्कार्थच्या रस्त्यात अडवतो आणि वरून खाली बघतो आणि मी माझ्या पात्राच्या तोंडून त्याला ऐकवते, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आम्ही एका टेबलावर वाटाण्याची उसळ खातो!

तुम्ही येणार ना? बोहाड्याला पुढच्या वर्षी होळीनंतर, तारीख गावात विचारून, आणि मोबाइलचा दिवा मुखवट्याच्या डोळ्यांत मारायचा नाही. आणि रीचमध्ये आजच. रात्री साडेदहा, युरोपचा सर्व्हर, मार्कार्थच्या वेशीबाहेर जुनिपरच्या झाडांखाली. यादीत रीच सापडणार नाही, शोधत बसू नका. ब्रेटन निवडा आणि येऊन सांगा की आम्ही इथलेच.